कर्नलमध्ये एक ओळ घालायची आहे? यूएसबी क्वर्कपासून सुरुवात करा

लिनक्स कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, सोर्स तीन कोटी ओळींच्या पुढे गेला आहे. त्यात हात घालायचा म्हटलं की लोक आधी ऑपरेटिंग सिस्टिमवरचं जाडजूड पुस्तक शोधायला लागतात. त्याची गरज नाही. कर्नलमध्ये रोज जाणारे कितीतरी बदल एक-दोन ओळींचेच असतात: एखाद्या उपकरणाचा आयडी तक्त्यात घातला, एखादी विसरलेली तपासणी टाकली, चुकीचा संदेश दुरुस्त केला. इथे त्यातला एक बदल सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून बघू. लॅपटॉप झोपेतून उठवला की वेबकॅम मेलेला असतो, काढून पुन्हा लावला की चालतो. हे जुनं आणि ओळखीचं दुखणं आहे आणि त्यावरचा उपाय कर्नलमध्ये नेमक्या एका ओळीत बसतो.

ओळ लिहायला पाच मिनिटं लागतात. खरा वेळ जातो तो दोन गोष्टींत. एक म्हणजे ती ओळ खरंच लागू झाली याचा पुरावा मिळवणं, आणि दुसरी म्हणजे मशीन उठलंच नाही तर परतीची वाट शाबूत ठेवणं.

आज्ञा, फायलींची नावं आणि पर्याय इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलवर ते रोमन लिपीतच टाइप करायचे. आज्ञा आणि फायलींच्या वाटा बहुतेक लहान अक्षरांत असतात, कोडमधली चिन्हांची आणि मॅक्रोंची, तसंच कॉन्फिगच्या आणि मेक व ग्रबला ‘=’ने द्यायच्या पर्यायांची नावं मोठ्या अक्षरांत. आयडी सोळाच्या पायातले आहेत, म्हणून ‘०४६डी’मधला ‘डी’ हाही अंकच समजा.

आधी कोडशिवाय खात्री करा

ही पायरी गाळून थेट सोर्स उतरवायला बसणारे खूप असतात, आणि दोन दिवसांनी कळतं की दुखणं वेगळंच होतं. उपकरण लावून ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा द्या. प्रत्येक ओळीत ‘आयडी’नंतर दोन भाग दिसतात, आधी कंपनीचा क्रमांक आणि मग उपकरणाचा. उदाहरणार्थ, लॉजिटेकच्या सी२७० या वेबकॅमचा आयडी ०४६डी:०८२५ आहे. तो कर्नलच्या तक्त्यात आधीपासून आहे, म्हणून नमुना म्हणून त्याच्याकडेच बघत जाऊ. तुमच्या उपकरणाचा आयडी वेगळा असेल. सगळीकडे तो घाला.

यूएसबी उपकरणांच्या खोडींना कर्नल ‘क्वर्क’ म्हणतो. प्रत्येक खोडीला एक चिन्ह आहे. ही चिन्हं ‘इन्क्लूड/लिनक्स/यूएसबी/क्वर्क्स.एच’ या फायलीत प्रत्येकी छोट्या खुलाशासह लिहिलेली आहेत. ही फाइल लहान आहे, पूर्ण वाचा. आपल्याला हवं ते चिन्ह आहे ‘यूएसबी_क्वर्क_रीसेट_रिझ्यूम’, म्हणजे हे उपकरण झोपेतून नीट उठत नाही, उठवण्याऐवजी त्याला रीसेट द्या. दुसरं वारंवार लागणारं चिन्ह ‘नो_एलपीएम’. यूएसबीची वीज वाचवण्याची जोडणी-पातळीवरची सोय ज्या उपकरणांना झेपत नाही त्यांच्यासाठी ते आहे. तिसरं ‘डिले_इनिट’, सुरुवातीला दम घ्यायला जरा वेळ मागणाऱ्यांसाठी.

आता गंमत अशी की हीच चिन्हं कर्नल न बांधताही, म्हणजे सोर्सपासून नव्याने तयार न करताही, लावता येतात. ‘यूएसबीकोअर.क्वर्क्स’ नावाचा पॅरामीटर आहे. त्यात आयडीचे दोन भाग आणि एक अक्षर द्यायचं: ‘बी’ म्हणजे रीसेट-रिझ्यूम, ‘के’ म्हणजे नो-एलपीएम, ‘जी’ म्हणजे डिले-इनिट. चालू मशीनवर असं:

इको ०४६डी:०८२५:बी | सुडो टी /सिस/मॉड्यूल/यूएसबीकोअर/पॅरामीटर्स/क्वर्क्स

‘सुडो इको’ लिहून पुढे ‘>’ दिलंत तर परवानगी नाकारली जाईल, कारण फाइल उघडण्याचं काम सुडो करत नाही, तुमचा शेल करतो. ‘टी’ त्यासाठीच आहे. नवीन यादी लिहिली की जुनी पुसली जाते, तेव्हा दोन उपकरणं असतील तर स्वल्पविराम देऊन एकाच वेळी लिहा. क्वर्क उपकरण ओळखतानाच वाचला जातो, म्हणून लिहून झाल्यावर कॅमेरा काढून परत लावा.

लागू झालं का हे असं बघा. ‘/सिस/बस/यूएसबी/डिव्हायसेस’मध्ये प्रत्येक उपकरणाचं १-२, ३-१.४ अशा नावाचं फोल्डर असतं आणि त्यात ‘क्वर्क्स’ नावाची फाइल. ती ‘कॅट’ने वाचा. रीसेट-रिझ्यूम लागला असेल तर ०एक्स२, नो-एलपीएम लागला असेल तर ०एक्स४००, काहीच नसेल तर ०एक्स० दिसतं. ही फाइल लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा इथेच यायचं आहे.

मग मशीन झोपवून उठवा. झाकण बंद-उघड करत बसू नका. ‘सुडो आरटीसीवेक -एम मेम -एस ३०’ ही आज्ञा मशीनला तीस सेकंद झोपवून आपोआप उठवते. दहा वेळा करा. एकदा चाललं म्हणून जिंकलो असं धरू नका, कारण हे दुखणं चार वेळांत एकदाच दिसण्यातलं असू शकतं. ‘/सिस/पॉवर/मेम_स्लीप’ फाइलही बघा. तिथे चौकटी कंसात ‘एस२आयडल’ असेल तर झोपेत यूएसबीची वीज पुष्कळदा तोडली जात नाही आणि दुखणं दिसतच नाही. ‘डीप’ असेल तर दिसतं. दोन्हींत तपासा.

‘बी’ अक्षराने काम झालं, तर एक ओळ कर्नलमध्ये घालणं योग्य आहे. फरक पडला नाही, तर कोडमध्ये तीच ओळ घालूनही पडणार नाही. इथेच थांबून कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’चा मजकूर वाचायला लागा.

सोर्स आणि सामान

आधी बघा की हे कोणी केलेलंच नाही ना. कर्नल.ऑर्गवर ताज्या आवृत्तीतली ‘ड्रायव्हर्स/यूएसबी/कोअर/क्वर्क्स.सी’ उघडा आणि तुमचा आयडी शोधा. सापडला, तर फक्त नवा कर्नल घेऊन भागेल.

नसेल तर सोर्स उतरवा. पूर्ण इतिहासासह रेपो (गिटमधला सोर्सचा साठा) काही जीबींचा होतो. चाचणीपुरतं ‘गिट क्लोन’ला ‘--डेप्थ १’ आणि ‘--ब्रँच’ने तुमच्या चालू कर्नलच्या मालिकेची स्थिर शाखा द्या, जसं लिनक्स-६.१२.वाय. ६.१२ ही नोव्हेंबर २०२४ची, दीर्घकाळ सांभाळली जाणारी मालिका आहे. चालू कर्नलपासून फार लांबची आवृत्ती घेतलीत तर एका ओळीच्या बदलाबरोबर हजारो इतर बदलही येतात, आणि फरक नेमका कशाने पडला हे सांगता येत नाही.

जागा निवडताना दोन गोष्टी. फोल्डरच्या पूर्ण वाटेत मोकळी जागा किंवा विसर्गचिन्हासारखे दोन टिंब चालत नाहीत. डेस्कटॉपवरच्या ‘न्यू फोल्डर’मध्ये सोर्स ठेवलात तर मेकफाइल पहिल्याच ओळीला नकार देते. दुसरं, लहान-मोठी अक्षरं वेगळी न मानणाऱ्या डिस्कवर, म्हणजे विंडोजच्या सी ड्राइव्हवर किंवा मॅकच्या नेहमीच्या डिस्कवर, सोर्स उघडू नका. कर्नलच्या नेटफिल्टर या भागात ‘एक्सटी_डीएससीपी.एच’ नावाच्या दोन फायली आहेत, एक मोठ्या अक्षरांत आणि एक लहान. अशा डिस्कवर एक दुसरीला गिळते. ‘गिट स्टेटस’ने काही न करताच बदल दाखवले तर समजा की हेच झालंय.

डेबियन-उबुंटूवर लागणारी पॅकेजेस: बिल्ड-इसेन्शियल, फ्लेक्स, बायसन, बीसी, लिबएसएसएल-डेव्ह, लिबएल्फ-डेव्ह, लिबएनकर्सेस-डेव्ह, डेबहेल्पर, आरसिंक, सीपीआयओ, केमॉड आणि ड्वार्व्हज. शेवटचं विसरलं जातं. त्यातलं ‘पाहोल’ बीटीएफ या डीबग माहितीसाठी लागतं आणि जुन्या कर्नलांत ते नसलं की बांधणी अगदी शेवटी येऊन अडत असे. डिस्कवर २५-३० जीबी मोकळे असू द्या.

कॉन्फिग, जिथे बहुतेकांचा दिवस जातो

चालू कर्नलचं कॉन्फिग, म्हणजे बांधताना काय काय घ्यायचं त्याची यादी, उचला:

सीपी /बूट/कॉन्फिग-$(यूनेम -आर) .कॉन्फिग
मेक ओल्डडेफकॉन्फिग

दुसरी आज्ञा नव्या पर्यायांना ठरलेली उत्तरं भरते. हे कॉन्फिग जगातल्या सगळ्या हार्डवेअरसाठी आहे. तसंच बांधलंत तर साध्या लॅपटॉपवर तासाच्या वर सहज जातो. म्हणून ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ द्या. या घडीला लोड असलेली मॉड्यूलं (कर्नलचे गरजेप्रमाणे चढवले जाणारे तुकडे) सोडून बाकी सगळी ते गाळतं, आणि आठ कोअरच्या मशीनवर काम साधारण दहा-वीस मिनिटांवर येतं.

पण ‘या घडीला’ हे शब्द अक्षरशः घ्या. पेनड्राइव्ह लावलेला नव्हता, तर यूएसबी-स्टोरेज गेलं. प्रिंटर, ब्लूटूथ, व्हीपीएन, डॉकरचे नेटवर्किंगचे तुकडे, सगळ्यांचं तसंच. म्हणून ही आज्ञा देण्याआधी घरातलं जे जे या लॅपटॉपला लागतं ते एकदा लावा, वेबकॅम तर नक्कीच, आणि एखादा व्हिडिओ कॉल चालू करून बघा. एवढं करूनही भीती वाटत असेल तर आज्ञेला ‘एलएमसी_कीप="ड्रायव्हर्स/यूएसबी:एफएस"’ जोडा. त्या फोल्डरांतलं काहीच गाळलं जात नाही.

आता तीन गोष्टी हाताने बदला. पहिल्या दोनसाठी सोर्समध्येच ‘स्क्रिप्ट्स/कॉन्फिग’ नावाची स्क्रिप्ट आहे, मेन्यूमध्ये शोधत फिरायची गरज नाही.

स्क्रिप्ट्स/कॉन्फिग --सेट-स्ट्र लोकलव्हर्जन "-क्वर्क१"

यामुळे कर्नलच्या नावापुढे तुमची खूण लागते आणि मूळ कर्नलची मॉड्यूलं तुमच्या मॉड्यूलांखाली गाडली जात नाहीत. हे केलं नाही आणि आवृत्ती योगायोगाने जुळली, तर परतीची वाट तुम्हीच बुजवलीत.

स्क्रिप्ट्स/कॉन्फिग --डिसेबल सिस्टिम_ट्रस्टेड_कीज
स्क्रिप्ट्स/कॉन्फिग --डिसेबल सिस्टिम_रिव्होकेशन_कीज

वितरणाच्या (उबुंटू, डेबियन वगैरे) कॉन्फिगमध्ये इथे त्यांच्या प्रमाणपत्राच्या फायलीची वाट असते, आणि ती फाइल तुमच्या सोर्समध्ये नसते. हे दोन बंद केले नाहीत तर ‘सर्ट्स’ फोल्डरपाशी ‘नो रूल टू मेक टार्गेट’ म्हणून बांधणी थांबते. उबुंटूवर पहिल्यांदा बांधणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ही चूक भेटते.

तिसरी गोष्ट डीबग माहितीची. ‘मेक मेन्यूकॉन्फिग’मध्ये ‘कर्नल हॅकिंग’खाली डीबग माहिती ‘काहीही नको’ अशी ठेवा. ती चालू राहिली तर बांधणी वीस जीबींच्या पुढे जाते, शेवटच्या जोडणीला रॅम कमी पडून प्रक्रिया ‘किल्ड’ होते, आणि इनिटरॅमएफएस (बूट होताना आधी उघडणारी छोटी फाइलसिस्टिम) एवढं फुगतं की /बूट भरून जातं.

‘मेक एमआरप्रॉपर’ ही आज्ञा कुठे वाचलीत तर जपून. ती .कॉन्फिगही पुसते. आत्ताच्या कामाची एक प्रत बाहेर ठेवून द्या.

प्रत्यक्ष ओळ

गिटमध्ये आधी नवी शाखा काढा, मग फाइल उघडा. ‘क्वर्क्स.सी’मध्ये दिसायला सारखे असे बरेच तक्ते आहेत. आपला तक्ता ‘यूएसबी_क्वर्क_लिस्ट’ नावाचा. त्याखाली ‘यूएसबी_इंटरफेस_क्वर्क_लिस्ट’ आहे, आणि त्याच्याही खाली एएमडीच्या काही चिपसेटवर झोपेतून उठताना अडणाऱ्या माउसांची वेगळी यादी आहे. शोध देऊन उडी मारली की चुकीच्या तक्त्यात उतरणं अगदी सोपं. वर सरकवत जाऊन तक्त्याचं नाव डोळ्यांनी वाचा.

एका नोंदीची ठेवण अशी. आधी टिप्पणीत उपकरणाचं नाव. खालच्या ओळीवर एक टॅब, महिरपी कंस उघडा, ‘यूएसबी_डिव्हाइस’ मॅक्रो, त्याच्या कंसात कंपनीचा क्रमांक आणि उपकरणाचा क्रमांक, दोन्हींच्या आधी शून्य-एक्स. मग स्वल्पविराम, ‘.ड्रायव्हर_इन्फो =’ आणि चिन्हाचं नाव, महिरपी कंस बंद आणि पुन्हा स्वल्पविराम. शेजारच्या नोंदीची प्रत काढून बदलणं उत्तम. दोन चिन्हं हवी असतील तर मधे उभी रेघ द्यायची. अधिकचं चिन्ह नको, कारण ही बिटं आहेत.

जागा क्रमाने निवडा: आधी कंपनीचा क्रमांक, त्यात उपकरणाचा. कर्नलला क्रमाचं देणंघेणं नाही. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक नोंद ताडून बघतो आणि जुळतील तेवढ्यांची चिन्हं एकत्र करतो. क्रम माणसांसाठी आहे, आणि पुढे पॅच (पाठवलेला बदल) तपासणारा तो मोडलेला पहिल्या नजरेत पकडतो. शेवट मात्र कर्नललाही महत्त्वाचा आहे. तक्त्याच्या तळाशी एक रिकामी नोंद असते, ती दिसली की शोध थांबतो. ‘सगळ्यात खाली टाकून देऊ’ म्हणून तिच्याखाली ओळ लिहिलीत तर बांधणी बिनतक्रार होईल, कर्नल उठेल, आणि तुमची ओळ कधीही वाचली जाणार नाही. कुठे इशाराही येत नाही.

टॅबऐवजी मोकळ्या जागा पडू देऊ नका. कर्नलमध्ये टॅब आठ घरांचा असतो. वेबपानावरून चिकटवलेल्या कोडमध्ये टॅब हटकून मेलेले असतात.

लगेच पूर्ण बांधणीला बसू नका. आधी एवढीच फाइल:

मेक ड्रायव्हर्स/यूएसबी/कोअर/क्वर्क्स.ओ

पहिल्यांदा थोडी पूर्वतयारी होईल, नंतर काही सेकंदांत उत्तर मिळतं. स्वल्पविराम विसरलात, चिन्हाच्या नावात अक्षर चुकलं, सगळं इथेच कळतं.

बांधणी

डेबियन-उबुंटूवर सरळ पॅकेज बांधणं शहाणपणाचं, कारण नंतर काढून टाकणं सोपं जातं:

मेक -जे$(एनप्रॉक) बिनडेब-पीकेजी २>&१ | टी बिल्ड.लॉग

पॅकेजेस एक फोल्डर वर तयार होतात. त्यातलं ‘लिनक्स-इमेज’ हेच ‘सुडो डीपीकेजी -आय’ने बसवा. इतर वितरणांवर ‘मेक’, मग ‘सुडो मेक इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१ मॉड्यूल्स_इन्स्टॉल’, आणि त्यानंतरच ‘सुडो मेक इन्स्टॉल’. हा क्रम उलटा केला तर इनिटरॅमएफएस मॉड्यूलांशिवाय बनतं. त्यात डिस्कचा ड्रायव्हर नसतो, आणि बूट होताना ‘रूट सापडत नाही’ म्हणत मशीन एका केविलवाण्या शेलवर येऊन बसतं.

बांधणी मोडली तर शेवटची ‘एरर २’ची ओळ निरुपयोगी असते. ती फक्त वरच्या कुठल्या तरी चुकीचा निरोप पोचवते. अनेक कामं एकत्र चालू असल्याने खरी चूक पन्नास ओळी वर गेलेली असते. लॉगमध्ये ‘एरर’ शब्द वरून खाली शोधा, किंवा -जे न देता पुन्हा ‘मेक’ चालवा, म्हणजे ती पुन्हा एकटीच समोर येते. दुसऱ्या वेळेपासून फक्त बदललेली फाइल बांधली जाते आणि जोडणी होते, तेव्हा ‘मेक क्लीन’ देऊन स्वतःचा वेळ घालवू नका.

नावाच्या शेवटी अधिकचं चिन्ह दिसलं तर घाबरू नका. सोर्स गिटच्या नेमक्या टॅगवर नसला की ते लागतं. पण बांधल्यावर मधेच कमिट केलंत आणि हे चिन्ह आलं किंवा गेलं, तर कर्नलचं नाव एक आणि मॉड्यूलांचं फोल्डर दुसरं, अशी ताटातूट होते. कमिट आधी करा, मग बांधा.

पहिलं बूट

आधी ‘मोकयूटिल --एसबी-स्टेट’. सिक्युअर बूट चालू असेल तर तुमचा कर्नल सही नसल्यामुळे ग्रब (बूट होताना कर्नल निवडून चढवणारा प्रोग्रॅम) घेणार नाही. ‘बॅड शिम सिग्नेचर’ असा संदेश येतो. चाचणीपुरतं फर्मवेअरमध्ये ते बंद करा, किंवा स्वतःची किल्ली मोकयूटिलने नोंदवून कर्नलवर सही करा. डिस्क बिटलॉकरने बांधलेलं विंडोज शेजारी असेल तर बंद करण्याआधी त्याची रिकव्हरी की हाताशी घ्या, ते मागू शकतं.

आता परतीची वाट. ‘/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब’मध्ये ‘ग्रब_डीफॉल्ट=सेव्ह्ड’, ‘ग्रब_टाइमआउट_स्टाइल=मेन्यू’ आणि ‘ग्रब_टाइमआउट=५’ ठेवा, ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा. ‘ग्रब-सेट-डीफॉल्ट’ने जुन्या कर्नलची नोंद कायमची ठरवा आणि नव्यासाठी ‘ग्रब-रीबूट’ वापरा. ते नवा कर्नल फक्त पुढच्या एका बूटपुरता निवडतं. तो अडकला, तर बटण दाबून मशीन बंद-चालू करायचं की जुना परत. कर्नलच्या बूट ओळीत ‘पॅनिक=१०’ घातलंत तर पॅनिक झाल्यावर, म्हणजे कर्नल चूक होऊन पुरता थांबल्यावर, दहा सेकंदांत मशीन स्वतःच रीबूट होतं. दूरच्या मशीनवर, जिथे बटण दाबायला कोणी नाही, तिथे ही जोडी नसेल तर नवा कर्नल चालवूच नका.

‘व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)’ हा पॅनिक आला तर दोष तुमच्या ओळीचा नाही. एकतर इनिटरॅमएफएस बनलेलंच नाही (/बूट भरलंय का बघा, ‘डीएफ -एच /बूट’), किंवा लोकलमॉडकॉन्फिगने डिस्कचा किंवा फाइलसिस्टिमचा ड्रायव्हर गाळला. एन्व्हिडिया, व्हर्च्युअलबॉक्स अशी बाहेरची मॉड्यूलं नव्या कर्नलसाठी वेगळी बांधावी लागतात. स्क्रीन साधी दिसली तर कारण तिथे शोधा.

उठलं तर सांभाळून राहा, कारण खरा सापळा आता आहे. ‘यूनेम -आर’मध्ये तुमची खूण दिसते का बघा. कॅमेरा लावा आणि मघाचीच ‘क्वर्क्स’ फाइल वाचा. ०एक्स२ दिसलं, झालं. ०एक्स० दिसलं, तर सोर्स उघडण्याआधी ‘कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन’ बघा. चाचणीच्या वेळी ‘यूएसबीकोअर.क्वर्क्स’ ग्रबमध्ये लिहून ठेवला असेल आणि तो अजून तिथे असेल, तर तोच घोळ आहे. या पॅरामीटरमधलं अक्षर चिन्ह लावत नाही, ते उलटं करतं. तक्त्यात नसलेलं चिन्ह लागतं आणि तक्त्यात असलेलं उतरतं. तुमच्या नव्या ओळीने लावलं, जुन्या पॅरामीटरने पुसलं. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि कॅमेरा पुन्हा मेलेला. पॅरामीटर काढा, ‘अपडेट-ग्रब’ करा, रीबूट करा.

पॅरामीटर नाही आणि तरीही ०एक्स० येत असेल, तर ‘ग्रेप कॉन्फिग_यूएसबी= .कॉन्फिग’ चालवा. उत्तर ‘एम’ असेल तर यूएसबीकोअर हे मॉड्यूल आहे आणि त्याची एक प्रत इनिटरॅमएफएसमध्येही असते. बूट होताना तीच आधी लोड होते. मॉड्यूल नुसतं डिस्कवर बदललंत आणि ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ केलं नाही, तर जुनंच चालू राहील. उत्तर ‘वाय’ असेल तर ओळ चुकीच्या तक्त्यात किंवा शेवटच्या रिकाम्या नोंदीखाली पडली आहे.

मग ‘आरटीसीवेक’ची दहा आवर्तनं नव्या कर्नलवर, आणि तेवढीच जुन्यावर, पॅरामीटरशिवाय. जुन्यावर बिघडतं आणि नव्यावर नाही, हे दोन्ही दिसलं तरच पुरावा पक्का.

ज्यांच्याकडे बिघडलेलं उपकरण नाही आणि नुसता सराव करायचा आहे, त्यांनी स्वतःच्या माउसचा आयडी घालून ०एक्स२ आणून दाखवावं. रीसेट-रिझ्यूमने माउसचं काही बिघडत नाही, आणि सगळ्या पायऱ्या त्याच.

मशीनला धोका नको असेल तर आभासी मशीन चालवणारा क्यूएमयू आहे. ‘मेक डेफकॉन्फिग’ आणि ‘मेक केव्हीएम_गेस्ट.कॉन्फिग’ने बांधा, तयार ‘आर्च/एक्स८६/बूट/बीझेडइमेज’ फाइल (‘इमेज’चा ‘आय’ मोठा) ‘-कर्नल’ला द्या, बूट ओळीत ‘कन्सोल=टीटीवायएस०’ (‘एस’ मोठा) आणि बाहेर ‘-नोग्राफिक’. बाहेर पडायला कंट्रोल-ए, मग एक्स. कंट्रोल-सी दाबत बसू नका. फक्त हे लक्षात घ्या की आभासी मशीनमध्ये खऱ्या पोर्टची वीज जात नाही. म्हणून तिथे कर्नल उठतो की नाही एवढंच कळतं, कॅमेऱ्याचं दुखणं बरं झालं की नाही ते नाही.

पॅच पाठवायचा असेल तर

एका मशीनपुरतं काम असेल तर ‘बी’ अक्षराचा पॅरामीटरच पुरे. दर अपडेटला कर्नल बांधत बसण्यात अर्थ नाही. पॅच पाठवायचा तो इतरांकडेही तोच कॅमेरा असेल म्हणून. तसं असेल तर बदल ताज्या मुख्य शाखेवर नव्याने करा आणि ‘गिट कमिट -एस’ने स्वतःची ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ओळ लावा. शीर्षक ‘यूएसबी: क्वर्क्स:’ने सुरू करून पुढे आज्ञार्थी क्रियापद. खाली उपकरणाचं नाव, आयडी, नेमकं काय बिघडत होतं, कसं तपासलं, साधारण ७५ अक्षरांच्या ओळींत. ‘काम करत नव्हतं, आता करतं’ एवढं लिहिलंत तर पॅच परत येतो.

‘स्क्रिप्ट्स/चेकपॅच.पीएल’ चालवा, आणि ‘स्क्रिप्ट्स/गेट_मेंटेनर.पीएल’ जी नावं सांगेल त्यांनाच ‘गिट सेंड-ईमेल’ने पाठवा. वेबमेलच्या खिडकीत चिकटवू नका. ती टॅब खाते, लांब ओळी मोडते, आणि पॅच समोरच्याकडे लागतच नाही. क्वर्क आणि नवे आयडी स्थिर मालिकांतही घेतले जातात, म्हणून स्थिर शाखेच्या पत्त्याची ‘सीसी’ ओळ साइन-ऑफच्या जवळ द्यायला हरकत नाही. चिन्हं गरजेपुरतीच लावा. ‘असू दे’ म्हणून तीन चिन्हं जोडलीत तर प्रत्येकाची गरज काय हे विचारलं जाईल, आणि विचारणारा बरोबरच असेल. रीसेट-रिझ्यूम लागलेल्या उपकरणाला ड्रायव्हरनुसार आपोआप झोपवणं बंद पडू शकतं आणि बॅटरी त्याची किंमत मोजते.

काम झाल्यावर जुन्या कर्नलमध्ये बूट करा, आणि मगच चाचणीचा कर्नल काढा. पॅकेजने बसवला असेल तर ‘सुडो ॲप्ट पर्ज’ आणि पॅकेजचं नाव. हाताने बसवला असेल तर /बूटमधल्या तुमच्या खुणेच्या फायली, म्हणजे व्हीएमलिनझ, सिस्टिम.मॅप, कॉन्फिग आणि इनिटआरडी, आणि ‘/लिब/मॉड्यूल्स’मधलं त्याच नावाचं फोल्डर पुसा, आणि ‘अपडेट-ग्रब’ चालवा. पुसण्याआधी ‘यूनेम -आर’ पुन्हा एकदा.